काचेआडचं ऊन

काच अंगठ्यानं दाबली तर दबत नाही. एक तर तशीच राहते, नाही तर फुटते. काचकाकांच्या अंगठ्याला जन्मभर एवढंच ठाऊक. त्यामुळे त्या सकाळी कासवाला पाण्यातून उचलताना अंगठा त्याच्या पाठीच्या कडेला लागला आणि कड आत गेली, तेव्हा त्यांना आधी वाटलं, आपल्याच बोटाला काही तरी झालंय. वय झालं की बोटंही फितूर होतात. त्यांनी अंगठा विजारीला पुसला आणि पुन्हा दाबून पाहिलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं कवच दबलं आणि सोडल्यावर सावकाश वर आलं. कासवानं मान आत ओढून घेतली. 

त्या घरात जीव म्हणावेत असे दोनच, ते आणि हे कासव. बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती. लेक दूरच्या शहरात नोकरीला. कासव बायकोनं आणलेलं, बायकोनं वाढवलेलं. ते गेलं असतं तर तिच्या हातचं खाल्लेलं या घरात काकांखेरीज कोणी उरलं नसतं. म्हणून काहीही करून ते जगायला हवं होतं. एवढी एकच गोष्ट काकांना आता या जगाकडून हवी होती, बाकी त्यांनी मागणंच सोडून दिलं होतं.

काकांचा धंदा काचेचा. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. भिंतीला टेकून उभ्या मोठमोठ्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं लांबलचक टेबल, आणि काच कापायची हिरकणी कायम वरच्या खिशात, माणसं पेन ठेवतात तशी. हिरकणी एकदाच ओढायची, पुन्हा गिरवायची नाही. काच दुसऱ्यांदा विचारलेलं खपवून घेत नाही, असं ते म्हणत, आणि हे त्यांनी आयुष्यात उच्चारलेल्या सगळ्यात लांब वाक्यांपैकी एक. बोलणाऱ्याची बोरं खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात म्हणतात, पण काकांचं दुकान न बोलता चाललं. कारण त्यांनी बसवलेली काच दिसायचीच नाही. काकांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा शिंपी एकदा हातात चहाचा कप घेऊन त्यांच्या दुकानाच्या दारावर सरळ चालून गेला. कपाळाला टेंगूळ, अंगावर चहा. आणि काका धावले ते आधी काचेकडे. शिंप्यानं त्यांना ते अजून माफ केलेलं नाही.

हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. हिरकणी मात्र खिशातच राहिली.

बायकोचं सगळंच उलटं. ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. दिवसभर परक्या माणसांशी बोलून घरी यायची आणि मग दोघांच्या वाटचं एकटीच बोलायची. प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच; काकांनी फक्त मान हलवायची, आणि ती कुठे हलवायची तेही तीच सांगायची. लेक नोकरीसाठी गेली आणि घर ओकंबोकं झालं, तेव्हा एक दिवस ती झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन आली. तिच्या ऑफिसातलं कोणी तरी घर बदलत होतं. डब्यात बिस्किटाएवढं कासव.

"हे कोण?" काकांनी विचारलं.

"तुमचा भाऊ," ती म्हणाली. "बघा ना, एक शब्द बोलत नाही. जेवायच्या वेळेला मात्र बरोबर हजर. आणि जरा कुणी काही बोललं की मान आत. हरवला होता का हो लहानपणी?"

झालं, त्या दिवसापासून ते भावोजी. "भावोजी जेवले का बघा", "भावोजींचं पाणी बदला", "भावोजींसमोर तरी नीट कपडे घाला". काकांनी भावासाठी वरून उघडी अशी काचेची पेटी केली. कडा हातानं घासून गुळगुळीत केल्या, सांधे असे बसवले की बोट फिरवलं तरी कळू नयेत. भाऊ म्हटल्यावर एवढं करणं आलंच.

आणि मग त्यांनी गॅलरी बंद केली. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी, कमरेएवढा कठडा, त्याच्यावर सगळी मोकळी. रस्त्याची धूळ, गाड्यांचा आवाज, वारा सुटला की वाळत घातलेले कपडे शेजारच्या इमारतीत. काकांनी कठड्यापासून छतापर्यंत एकच काच बसवली. मधे सांधा नाही, पट्टी नाही. बाजूला हवेसाठी एक अरुंद झडप ठेवली, तीही नाइलाजानं. आयुष्यात शेकडो घरांना काचा लावल्या, त्यातली सगळ्यात देखणी त्यांनी स्वतःच्या घरासाठी राखून ठेवली होती. बायकोला त्यांनी कधी दागिना दिला नव्हता. ही काच हाच त्यांच्या मनातला दागिना.

"उघडायची कुठून?" तिनं विचारलं.

"उघडायची कशाला? धूळ नाही, आवाज नाही. ऊन मात्र सगळं आत."

ती बराच वेळ काचेसमोर उभी राहिली. खाली बघितलं, वर बघितलं, हाताचा तळवा काचेला लावून बघितला. मग म्हणाली, "दिसतं सगळं. पण लागत काही नाही."

काकांना ती तक्रार वाटली. तक्रारीवरचा त्यांचा उपाय ठरलेला. त्यांनी ओला वर्तमानपत्राचा बोळा घेतला आणि काच आणखी लख्ख पुसली.

पुढे तिची कंबर दुखायला लागली, पाठ वाकायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत. गोळ्या घ्या आणि रोज सकाळी उन्हात बसा. तीन जिने उतरून खाली जाणं तिला जमेना. काकांना तर उलट आनंद झाला. ऊन आणायला बाहेर जायचं कशाला, ते घरातच आणून ठेवलं होतं की त्यांनी! त्यांनी तिची वेताची खुर्ची गॅलरीत मांडली, शेजारी भावोजींची पेटी. आणि रोज ती बसायच्या आधी काच पुसायची. आतून फडक्यानं, बाहेरून झडपेतून लांब काठी घालून. उन्हाचा कणही अडता कामा नये. ती बसायची, रस्त्यावर कोण कुठे चाललंय ते भावोजींना सांगायची, आणि कोवळं ऊन तिच्या मांडीवर पडायचं. काका आतून बघत राहायचे. सुखाचं म्हणून काही असेल तर ते हेच, असं त्यांना तेव्हा वाटायचं.

एक दिवस ती स्वयंपाकघरात पडली. साधा पाय घसरला, लहान मुलं दिवसातून चारदा पडतात तसा. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. अंथरुणाला खिळली ती खिळलीच, आणि काही महिन्यांत गेली.

त्यानंतर घर खायला उठायचं. काकांना कळलं, आपण अबोल कधी नव्हतोच. तिच्या बोलण्यात आपलं बोलणं मिसळलेलं होतं, एवढंच. आता दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघत नसे. स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून पाव, काकडी, उकडलेला बटाटा. पानातलं अर्धं भावोजींना. लेकीचा रविवारी फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवलो."

"भावोजी?"

"ठीक."

भावोजींची पेटी त्यांनी तिच्या खुर्चीजवळ, जिथं ऊन सगळ्यात जास्त वेळ टिकतं तिथं ठेवली होती. पेटी फार तापू नये म्हणून अर्ध्या भागावर ओलं फडकं. आणि काच पुसण्यात त्यांनी एका दिवसाचाही खंड पाडला नव्हता.

म्हणूनच पाठ मऊ का झाली हे त्यांना उमगेना. उमगलं नाही की माणूस आपल्या धंद्याकडे धाव घेतो. काकांनी काच आणखी घासली. मग भावोजींच्या पाठीकडे लक्ष गेलं. पाठ निस्तेज, पांढुरकी. निस्तेज वस्तू पुसून चकचकीत करायची, यापलीकडे त्यांना दुसरा धर्म माहीत नव्हता. कपाटात बायकोच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली होती, तळाशी थोडं उरलेलं. ती उघडताच बायकोचा वास आला. काका झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते तेल मऊ फडक्यावर घेतलं आणि भावोजींची पाठ चोळली. दोन-तीन दिवस रोज. पाठ दुकानातल्या नव्या टेबलासारखी चमकायला लागली, आणि काकांना वाटलं, जमलं.

कुठलं जमतंय! आठवडाभरात कवचाच्या कडा वर वळल्या, मागचे पाय ओढत चालणं सुरू झालं, आणि भावोजींनी काकडीकडे पाठ फिरवली. आता काकांची झोप उडाली. लेकीला सांगावं तर ती तिकडे दूर, उगाच जिवाला घोर. शेवटी त्यांनी बादलीत थोडं पाणी घेतलं, भावोजींना त्यात ठेवलं आणि जनावरांच्या दवाखान्याची वाट धरली.

तिथं बाकड्यांवर कुत्र्यांवाले आणि मांजरांवाले. कुत्र्यांवाले आपापसांत असे गप्पा मारत होते, जणू सगळे एकमेकांचे सोयरे. काका बादली पायांत धरून बसले. शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, "बादलीत काय आहे हो?"

"भाऊ," काका म्हणाले.

ती बाई उठून दोन बाकडी पलीकडे जाऊन बसली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, लेकीपेक्षाही लहान. तिनं भावोजींना उलटंसुलटं करून पाहिलं, कडा हलक्या हातानं दाबल्या, पायाचे सांधे पाहिले. पाठीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं.

"हे काय लावलंत?"

"तेल. चमक गेली होती."

"काका, हे काही फर्निचर नाही. कवच म्हणजे हाडच असतं, पाठीच्या कण्याला चिकटलेलं. वरून चमक आणून काय होणार? ते आतून भरलं पाहिजे. तेलानं उलट घाण धरते, खालची पाठ कुजायला लागते. आजच कोमट पाण्यानं धुऊन काढा. खायला काय देता?"

"मी खातो तेच."

"आणि तुम्ही काय खाता?"

"पाव. काकडी. उकडलेला बटाटा."

डॉक्टर मुलगी कासवाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. उसवलेली कॉलर, आत गेलेले गाल. "यावर कासव जगत नाही," ती म्हणाली. "आणि माणूस जगतो, म्हणजे नुसते दिवस ढकलतो."

मग तिनं समजावून सांगितलं. काकडी म्हणजे निव्वळ पाणी. रोज हिरवागार पाला द्या, एक दिवस हा, एक दिवस तो. छोटे मासे काट्यांसकट द्या, काटे काढायचे नाहीत, खरी गंमत काट्यांतच आहे. पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो. आपलं आपण कुरतडत बसेल. एक भुकटी देते, ती पाल्यावर भुरभुरायची. पाणी स्वच्छ हवं, आणि पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी एक वीट किंवा दगड हवा. पाठीवरच्या जुन्या खपल्या सुटायला लागल्या तर ओढायच्या नाहीत.

"आणि काका, नाव भावोजी सांगितलंत खरं, पण शेपटी बघा केवढीशी. पुढची नखंही आखूड. हा तो नाहीच. ही ती आहे."

काकांना हसू फुटलं. कित्येक महिन्यांत फुटलं नव्हतं असं. एवढी वर्षं भावोजी, भावोजी, आणि निघाली कोण? नणंद! आता घरी गेल्या गेल्या बायकोला सांगितलं पाहिजे, की अगं, भावोजी कसले, तुझ्या वन्सं आहेत त्या, पदर घे जरा. ती तर पोट धरून हसेल. एवढं मनात येऊन गेल्यावर त्यांना आठवलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, ते काढून कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

"बरं, ऊन मिळतं का हिला?" डॉक्टरनं विचारलं.

आता काका ताठ झाले. हा प्रश्न त्यांच्या हद्दीतला होता. "उन्हाचं विचारू नका. सकाळपासून दुपारपर्यंत. सबंध गॅलरीला एकच काच आहे, मी स्वतः बसवलेली. रोज पुसतो. एक डाग सापडायचा नाही."

"काचेतून येतं ऊन?"

"काच आहे असं वाटतच नाही."

"काका," ती हळूच म्हणाली, "मग हिला ऊन मिळालेलंच नाही."

काकांचा हात वरच्या खिशातल्या हिरकणीवर गेला.

"उन्हात डोळ्यांना न दिसणारं असं काही असतं. ते थेट अंगाला लागलं, की अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडांत बसतं. काच उजेड सोडते, ऊब सोडते. ते मात्र बाहेरच्या बाहेर अडवते."

"पण माझी काच स्वच्छ आहे."

"कितीही स्वच्छ असू द्या. कोणाचीही असू द्या." तिनं भावोजींना बादलीत ठेवलं. "मला कोडं पडलंय ते वेगळंच. इतकी वर्षं काचेआड राहून हिची पाठ आधी एवढी धड राहिली कशी? जुनी खपली बघा, किती टणक आहे. बिघाड हल्लीचा आहे, वर्ष-दोन वर्षांतला. आधी काही औषध देत होतात का?"

"नाही," काका म्हणाले.

ती हात धुवायला वळली. तिच्या पाठीकडे बघत काकांनी विचारलं, "माणसांचंही असंच असतं का?"

"काय?"

"काचेआड उन्हात बसलं तर."

"हो, तसंच. हाडं शेवटी हाडंच," ती म्हणाली आणि टॉवेलला हात पुसत वळली. तेव्हा काकांनी बादली उचलली होती आणि ते दाराशी पोचले होते.

घरापर्यंत ते कसे आले ते त्यांना कळलं नाही. बादली जड नव्हती, तरी दोनदा खाली ठेवावी लागली. घरी येऊन त्यांनी भावोजींना धुतलं, तेल काढलं, पेटीत सोडलं. मग गॅलरीत वेताच्या खुर्चीसमोर उभे राहिले. दुपारचं ऊन खुर्चीवर पडलं होतं, पिवळंधमक, ऊबदार, आणि काही उपयोगाचं नसलेलं. या खुर्चीत त्यांनी तिला रोज सकाळी आणून बसवलं होतं. शाल नीट केली होती. उन्हाचा कण अडू नये म्हणून काच पुसली होती, आणि त्या काचेनंच सगळं अडवलं होतं. ती म्हणाली होती, लागत काही नाही. तिनं तोंडानं सांगितलं होतं, आणि त्यांनी फडकं आणलं होतं.

काकांना स्वतःची एवढी चीड पूर्वी कधी आली नव्हती. चीडही कुणावर तरी काढता आली तर बरी. एकट्या माणसाची चीड घरातल्या घरात फिरत राहते.

रविवार नव्हता, तरी त्यांनी लेकीला फोन लावला. आपण होऊन त्यांनी तिला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे तिचा पहिला शब्द घाबरलेला होता.

"बाबा? काय झालं?"

काकांनी सांगितलं. सगळं, ओळीनं. पाठ मऊ झाली ते, तेल, दवाखाना, पाव आणि काकडी, काच. आणि मग ज्यासाठी फोन केला होता ते. "तुझ्या आईला मी उन्हात बसवत होतो. ते ऊन नव्हतंच."

 पलीकडून लेकीचं रडणं ऐकू आलं, आणि त्या रडण्यात मधेच हसल्यासारखं काही तरी.

"बाबा, एक सांगू? रागावू नका. आई गोळ्या घ्यायचीच नाही."

"कुठल्या गोळ्या?"

"हाडांच्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या. खडूएवढ्या मोठ्या असतात, घशाखाली उतरत नाहीत म्हणायची. तुमच्यासमोर तोंडात टाकायची आणि तुम्ही काच पुसायला लागलात की काढून चुरडून भावोजींच्या पाल्यात घालायची. मला फोनवर सांगायची हसत हसत. म्हणायची, बघ भावोजींची पाठ कशी दगडासारखी झालीय, औषध कामाचं आहे हं. मीही हसायचे, बाबा. मला वाटायचं, एखाद-दुसरी टाकत असेल. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. ती पडली तेव्हापासून माझ्या मनात आहे ते. तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही."

  काकांच्या डोळ्यांसमोर बायको दिसत होती. त्यांची पाठ वळलेली, काचेवर बोळा कुर्रकुर्र वाजतोय, आणि मागं ती शाळकरी पोरीसारखी गालातली गोळी काढतेय. जन्मभर ते काचेकडे बघत राहिले, काचेतून दिसणाऱ्या माणसाकडे बघायचं राहून गेलं.

"तू नको लावून घेऊस," ते म्हणाले. "माझं तरी कुठे लक्ष होतं."

"मी येऊ का बाबा?"

"सुट्टी मिळाली की ये."

"जेवलात?"

"नाही," काका म्हणाले. हे खरं उत्तर त्यांनी तिला पहिल्यांदाच दिलं. लेक पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते शिंप्याकडे गेले. एवढी काच एकट्यानं उतरवता येत नाही. ती उभीच धरावी लागते, जरा आडवी झाली की स्वतःच्याच वजनानं तुटते. बसवताना पलीकडची बाजू बायकोनं धरली होती. शिंप्यानं कपाळावर हात फिरवला. "तुमच्या काचेशी माझं वाकडं आहे," तो म्हणाला, पण आला. काकांनी पात्यानं कडेचं चिकट रबर कापत आणलं, सगळीकडून, घाई न करता. हात थरथरत होते, पण पातं चुकलं नाही. मग दोघांनी काच उचलली आणि आत आणून भिंतीला उभी केली.

"एवढी सुंदर काच," शिंपी हळहळला. "का काढली?"

"कासवाला ऊन पाहिजे."

 जाताना शिंपी म्हणाला, "खाली या कधी तरी. चहा मी हातात घेऊन चालत नाही आता."

गॅलरीत वारा आला. दोन वर्षं एका जागी असलेली धूळ उठली, कोपऱ्यातला वर्तमानपत्राचा बोळा घरंगळत आत आला. खाली कोणी कोणाला हाका मारत होतं, कुठे तरी पोरं भांडत होती, गाडीचा भोंगा वाजला. काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. हे सगळं तिला ऐकायचं होतं, आणि ते सहज देण्याजोगं होतं.

पुढचे महिने पाल्याचे. भावोजींनी, म्हणजे वन्संनी, आधी पाल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकडीची चटक लागलेली. काकांनी मासा पाल्यात गुंडाळून दिला, तर मासा तेवढा काढून घेतला आणि पाला तोंडावर फेकल्यासारखा पाण्यात सोडून दिला. काकांनीही हट्ट सोडला नाही. दोन्हीकडून एकच घराणं! शेवटी भूक जिंकली. समुद्रफेसाच्या तुकड्यावर चोचीच्या खुणा उमटायला लागल्या. विटेवर चढायला मागच्या पायांना जमेना, तेव्हा काकांनी तिला उतरती काच लावून दिली, धार मारलेली आणि वरून घासून खडबडीत केलेली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काच मुद्दाम खरबरीत केली. रोज सकाळी ते पेटी उघड्या उन्हात आणत, अर्ध्या भागावर सावली धरत आणि खुर्चीत बसत. पाला दोघांसाठी यायचा. कच्चा तिच्यासाठी, शिजवलेला त्यांच्यासाठी.

बरं होणं हे कासवाच्याच चालीनं होतं. अंगठा लावून बघायचं धाडस काकांना होईना. दबलं तर काय, हा प्रश्न रोज सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा. मग एक दिवस जुनी खपली आपली आपण सुटून विटेवर पडलेली दिसली, काचेच्या कपचीएवढी पातळ. काकांनी तिला उचललं. हिरकणी बोचू नये म्हणून खिशातून काढून कठड्यावर ठेवली. अंगठा पाठीच्या कडेवर टेकवला, आणि दाबला.

कड हलली नाही. त्यांनी आणखी जोर लावला. नाही हलली.

काकांनी अंगठा तसाच ठेवला. या पाठीत बायकोच्या गोळ्या होत्या. तिच्या हाडांत जायचं ते इथं आलं होतं. मधल्या दोन वर्षांत त्यांच्या हलगर्जीपणानं ते जायला निघालं होतं, तरी गेलं नव्हतं. तिचं म्हणून जगात एवढं टणक काही उरलं असेल हे त्यांना माहीत नव्हतं. काका रडले, भर उन्हात, रस्त्यावरच्या कुणाच्याही नजरेला पडेल असे. वारा होता, डोळे लगेच गार पडले.

कासवानं मान बाहेर काढली आणि खायला कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. काकांनी तिला विटेवर ठेवलं.

"अगं ऐकलंस का," ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "भावोजी नव्हेत. तुझ्या वन्सं आहेत."

आणि ती जितका वेळ हसली असती, तितका वेळ ते थांबले. मग पाला धुवायला आत गेले.